सेंट पॉलमधील १९२३ सालचे लाकडी घर आणि बाहेरच्या रंगकामाची तीन अंदाजपत्रके

पागोळी | ६ मार्च

नमस्कार. दोन वर्षांपूर्वी आम्ही मिनेसोटातील सेंट पॉल येथे १९२३ साली बांधलेले दुमजली घर घेतले. बाहेरच्या भिंती लाकडी फळ्यांच्या आहेत. पाणी ओघळून जावे म्हणून वरची फळी खालच्या फळीवर थोडी चढवून ठोकलेली आहे. रंग लावायचे क्षेत्रफळ, खिडक्या-दारे वजा जाता, सुमारे २,२०० चौरस फूट भरते. उत्तरेकडील भिंतीवर, विशेषतः वरच्या मजल्यावरील न्हाणीघराच्या बाहेर, रंगाचे तळहाताएवढे पोपडे सुटले असून खाली कोरडे करडे लाकूड दिसते. दक्षिणेकडे रंग फिका पडला आहे आणि बारीक भेगा आहेत, पण पोपडे नाहीत.

तीन रंगकाम करणाऱ्यांनी येऊन पाहणी केली आणि अनुक्रमे ८,४००, १४,९०० आणि २३,६०० डॉलर असे आकडे दिले. घर तेच, भिंती त्याच, आणि तिघेही उत्तम प्रतीचा अ‍ॅक्रिलिक (पाण्यात कालवलेला) रंग दोन हात देऊ म्हणतात. पुण्यात आमच्या वडिलांच्या घराचे रंगकाम चौरस फुटाच्या दराने ठरत असे आणि दोन ठेकेदारांच्या दरांत फार तर दीडपटीचा फरक पडे. इथे तो जवळजवळ तिप्पट आहे. महाग सांगणारा लुबाडतो आहे, की स्वस्त सांगणारा काही लपवतो आहे, हे कसे ओळखावे? घरात तीन वर्षांचा मुलगा आहे, हेही सांगून ठेवते.

जुनाजाणता | ६ मार्च

मी मिनिआपोलिसमध्ये बावीस वर्षे राहतो आणि एकाच जुन्या घराला तीनदा रंग दिला आहे, त्यांपैकी पहिल्यांदा चुकीच्या पद्धतीने. त्या अनुभवावर लिहितो.

तिघांच्या आकड्यांत रंगाच्या किमतीचा फरक जवळपास नाहीच. एक गॅलन रंग साडेतीनशे ते चारशे चौरस फुटांवर एक हात पुरतो. तुमच्या भिंतींना दोन हातांसाठी साधारण तेरा गॅलन आणि चौकटी-कोपऱ्यांसाठी आणखी तीन गॅलन धरा. गॅलनला ७५ डॉलर म्हटले तरी १,२०० डॉलर होतात. उघड्या लाकडासाठी प्रायमर, फटी भरायचे कॉकिंग आणि किरकोळ सामान मिळून आणखी सहाशे होतील. म्हणजे मधल्या अंदाजपत्रकातले जेमतेम १२ टक्के डब्यांत आहेत. उरलेले सगळे माणसांच्या तासांत आहेत, आणि त्या तासांतलेही निम्म्याहून अधिक तास ब्रश रंगात बुडण्यापूर्वीचे असतात: खरवडणे, घासणे, धूळ पुसणे, कुजलेली फळी बदलणे, खिडकीच्या काचेभोवतीची पुट्टी नव्याने भरणे, प्रायमर मारणे आणि वाळण्याची वाट पाहणे.

म्हणून तिघांनाही रंग कोणता हे विचारू नका. सुटलेला रंग कशाने काढणार, उघड्या लाकडावर कोणता प्रायमर लावणार, आणि या तयारीचे किती तास धरले आहेत, हे लेखी मागा. माझा अंदाज असा की पहिला मनुष्य पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पोपडे उडवून दुसऱ्या दिवशी यंत्राने रंग फवारणार आहे.

चौथा_मजला | ७ मार्च

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, मात्र त्यात जुन्या रंगातल्या शिशाचा, म्हणजे लहान मुलांना विशेष घातक असलेल्या धातूचा, उल्लेख राहिला आणि या प्रकरणात तोच आधी यायला हवा. अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगावर १९७८ साली बंदी आली. १९४० पूर्वी बांधलेल्या घरांपैकी सुमारे ८७ टक्के घरांत तसा रंग कुठे ना कुठे असतो, असा ईपीए या केंद्रीय पर्यावरण संस्थेचा अंदाज आहे. १९२३ सालच्या घराच्या बाहेरच्या फळ्यांवर तो असणारच, असे धरून चालावे.

एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या नियमानुसार १९७८ पूर्वीच्या घरावर बाहेरून २० चौरस फुटांपेक्षा जास्त रंग खरवडायचा असेल, तर पैसे घेऊन काम करणाऱ्याकडे त्यासाठीचे प्रमाणपत्र असावे लागते. भिंतीपासून दहा फुटांपर्यंत जमिनीवर प्लॅस्टिक अंथरावे लागते, घासण्याच्या यंत्राला हेपा गाळणीचे (अतिसूक्ष्म धूळही अडवणारे) धूळशोषक जोडावे लागते, उघड्या ज्योतीने रंग जाळता येत नाही, आणि पाणी वापरले तर ते पोपड्यांसह अडवावे लागते. या सगळ्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दिसला पाहिजे. ८,४०० वाल्याच्या कागदावर शिशाचा शब्दही नसेल, तर तो त्या कामाचे पैसे घेत नाही एवढेच. ते पोपडे तुमच्या अंगणातल्या मातीत जातील आणि मुलगा त्याच मातीत खेळेल.

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये वुस्टर येथे तीन मजली जुन्या लाकडी घरात राहतो. इथला राज्याचा कायदा आणखी कडक आहे: सहा वर्षांखालील मूल राहत असलेल्या १९७८ पूर्वीच्या घरातील शिशाचा धोका मालकाने काढून टाकावा किंवा झाकून टाकावा लागतो. आमच्या मुलीची रक्ततपासणी झाली तेव्हा शिशाचे प्रमाण ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर या राष्ट्रीय संदर्भमूल्याच्या खाली निघाले, पण निकाल येईपर्यंतचे चार दिवस मी खिडकीच्या चौकटींकडे पाहू शकत नव्हतो. तुमच्या मुलाची तपासणी झाली नसेल तर रंगाचे ठरवण्याआधी ती करून घ्यावी.

पागोळी | ९ मार्च

दोघांचेही आभार. मुलाची तपासणी गेल्या वर्षी झाली होती आणि ती ठीक होती. आता पुन्हा करून घेत आहोत. तिघांनाही लेखी प्रश्न पाठवले. पहिल्याने अद्याप उत्तर दिलेले नाही. दुसऱ्याने १८० तास धरले आहेत, त्यांपैकी ११० तयारीचे आणि ७० रंगाचे. तासाला ६५ डॉलर, म्हणजे ११,७०० मजुरी, सामान १,८००, आणि शिशाबाबतची खबरदारी व कचऱ्याची विल्हेवाट १,४००. बेरीज बरोबर १४,९०० येते. तिसरा मनुष्य चारही भिंतींवरचा सगळा जुना रंग मूळ लाकडापर्यंत काढणार आहे, म्हणून त्याचे पैसे जास्त आहेत. आता प्रश्न असा की सगळा रंग काढणे आवश्यक आहे का?

जुनाजाणता | ९ मार्च

दक्षिणेकडे अजिबात नाही. जो रंग स्क्रेपरने सुटत नाही तो बसला आहे, त्याला उगाच छेडू नये. अर्थात शंभर वर्षांत आठ-दहा थर साचले असतील, तर एक वेगळी अडचण येते. तळातले जुने तेलरंग वर्षानुवर्षे कडक होत जातात, त्यांच्यावर लवचीक अ‍ॅक्रिलिकचा नवा थर बसतो, आणि उणे पंचवीस अंशांच्या रात्री तो आक्रसताना खालच्या दुबळ्या थरालाच ओढून घेतो. आपल्याला वाटते नवा रंग वाईट निघाला. प्रत्यक्षात नवा रंग चांगला चिकटला आणि जुना सुटला. मगरीच्या पाठीसारख्या चौकोनी भेगा जिथे पडल्या असतील, तिथे मात्र खालपर्यंत जावे लागते. भिंतीगणिक, कधी कधी फळीगणिक ठरवायची ही गोष्ट आहे, आणि चारही भिंतींना एकच औषध सांगणाऱ्यावर, तो महाग असो की स्वस्त, मी विश्वास ठेवत नाही.

वाळवण | १० मार्च

मी थोडी वेगळी बाजू मांडते. माझ्या मते तुमच्या उत्तरेकडच्या भिंतीचा रोग रंगाचा नाहीच, आणि त्यावर पंधरा हजार घाला किंवा चोवीस हजार, तीन-चार हिवाळ्यांत तिथे पुन्हा पोपडे सुटतील.

पोपडा थेट लाकडापासून सुटतो आहे आणि तोही नेमका न्हाणीघराच्या बाहेर, यावरून पाणी आतून येते आहे हे दिसते. हिवाळ्यात घरातील हवा उबदार आणि दमट असते. जुन्या घराच्या भिंतीत बाष्प अडवणारा पडदा नसतो, त्यामुळे ती हवा फटींतून बाहेरच्या दिशेने जाते आणि थंडगार फळीच्या मागच्या अंगाला दव होऊन बसते, बहुधा हिमाच्या रूपात. मार्च-एप्रिलमध्ये ते वितळते, फळी मागून भिजते, ऊन पडले की ती ओल पुढच्या बाजूने बाहेर पडू पाहते आणि वाटेतला रंग ढकलून देते. आपल्याकडे पावसाळ्यात भिंत बाहेरून ओली होते आणि आतला चुना फुगतो. इथे हिवाळ्यात आतून ओली होते आणि बाहेरचा रंग फुगतो. घरावर कोणी पूर्वी पोकळ भिंतींत कापसासारखे उष्णतारोधक भरून घेतले असेल, तर हा त्रास वाढलेला आढळतो, कारण बाहेरची फळी पूर्वीपेक्षा थंड राहते आणि वाळायला तिला उशीर लागतो.

म्हणून तीन गोष्टी तपासाव्यात. न्हाणीघरातील पंख्याची नळी खरोखर घराबाहेर उघडते का? स्वयंपाकघरातील चिमणी वाफ बाहेर टाकते, की गाळून पुन्हा खोलीतच सोडते? आणि हिवाळ्यात घरात आर्द्रता किती असते? बाहेर उणे वीस सेल्सियस असताना ती २५ टक्क्यांच्या आसपासच असावी; आपण मात्र ओठ फुटतात म्हणून ह्युमिडिफायर ४५ वर लावतो, कुकरच्या शिट्ट्या होतात, डाळ-भात-चहा दिवसभर उकळत असतो, आणि सकाळी खिडकीच्या काचेवरून धारा लागल्या की बोळा घेऊन पुसत बसतो. त्या धारा काचेवर दिसतात म्हणून कळतात; भिंतीच्या आतल्या दिसत नाहीत.

पागोळी | १४ मार्च

वाळवण, तुमचा प्रतिसाद वाचून शनिवारी नवऱ्याला पोटमाळ्यावर चढवले. न्हाणीघरातील पंख्याची नळी छपरातून बाहेर जातच नाही. ती पोटमाळ्यावर, उष्णतारोधकाच्या ढिगात, सैल पडलेली आहे. वाशांवर खिळ्यांच्या टोकांना बर्फाचे मणी लटकले होते. स्वयंपाकघरातील चिमणीही वाफ आतच सोडते. आर्द्रता ४१ टक्के. घर घेताना पाहणी करणाऱ्याच्या अहवालात यांपैकी एकही गोष्ट नव्हती, पण ते रडगाणे वेगळे.

नारळीपाक | १५ मार्च

एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ व्हिनाइलची साइडिंग, म्हणजे भिंतीवर बाहेरून ठोकायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, बसवून घ्या, असे मी सुचवेन. खर्च रंगापेक्षा अधिक येतो, पण पुन्हा रंगवण्याचा प्रश्न मिटतो आणि शिसेही झाकले जाते.

वाळवण | १५ मार्च

शिसे झाकले जाते हे खरे. ओलही झाकली जाते, हे त्याहून खरे. मागून भिजणारी फळी व्हिनाइलखाली कुजत राहील आणि कळेल तेव्हा फळीबरोबर आतला सांगाडाही गेलेला असेल. शिवाय कडाक्याच्या थंडीत व्हिनाइल ठिसूळ होते. बर्फ काढताना फावडे लागले तरी तडकते. आधी ओल थांबवली, तर मग तुमचा पर्याय विचारात घेण्यासारखा आहे.

उप्साला_निवासी | १७ मार्च

स्वीडनमधून लिहितो, म्हणून डॉलरच्या हिशेबाला माझा उपयोग थोडाच, पण तुलना रंजक वाटेल. इथल्या खेड्यांतील लाल लाकडी घरे आपण चित्रांत पाहतो. तो लाल रंग फालुन येथील तांब्याच्या खाणीच्या मातीपासून होतो. पाणी, राईचे पीठ, लोहाचे सल्फेट, ती माती आणि थोडे जवसाचे तेल हे एकत्र शिजवतात, अक्षरशः पिठल्यासारखे. खाण १९९२ साली बंद झाली, पण साठलेल्या मातीतून रंग अजून निघतो. या रंगाचा पापुद्रा तयार होत नाही, म्हणून पोपडे सुटत नाहीत. तो लाकडात मुरतो, वाफ जाऊ देतो आणि हळूहळू भुकटी होऊन झडतो. पुढच्या वेळी कोरड्या ब्रशने झाडायचे आणि एक हात मारायचा. तयारीचे तास जवळपास नसल्याने खर्च कमी येतो. मात्र अट अशी की लाकूड उघडे किंवा आधी याच रंगाचे असावे. तेलरंगावर किंवा अ‍ॅक्रिलिकवर तो बसत नाही, त्यामुळे पागोळी यांना तो उपयोगी नाही. आमच्याच घराला आधीच्या मालकाने प्लॅस्टिक रंग देऊन ठेवला होता, आणि तो काढण्यात दोन उन्हाळे गेले.

इथे जुन्या घराच्या दुरुस्तीत मजुरीचा काही भाग, सामान्यतः ३० टक्के, करातून वजा मिळतो. सामानावर सवलत नाही. पैसा मजुरीतच जातो, हे सरकारलाही ठाऊक असावे.

विटेवरी | १८ मार्च

ओंटारिओतील जुन्या विटांच्या घरांच्या मालकांसाठी एक ओळ टाकून ठेवतो: विटेवर साधा अ‍ॅक्रिलिक रंग देऊ नका. आत शिरलेले पाणी रंगामुळे बाहेर पडत नाही, हिवाळ्यात वारंवार गोठते आणि विटेचा दर्शनी भाग पत्र्यासारखा सुटून पडतो. रंग दिलाच पाहिजे असे असेल, तर वाफ जाऊ देणारा सिलिकेट रंग वापरावा; तो जर्मनीत १८७८ सालापासून आहे. आमच्या शेजाऱ्याने साध्या रंगात पाच हजार वाचवले आणि आता गवंड्याला त्याच्या कितीतरी पट देतो आहे.

जुनाजाणता | २ एप्रिल

पागोळी, कोणालाही होकार देण्याआधी वेळापत्रक विचारा. साध्या अ‍ॅक्रिलिक रंगाला हवा आणि भिंत दोन्ही दहा सेल्सियसच्या वर लागतात, कारण पाणी उडून गेल्यावर रंगाचे कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा व्हायला ऊब हवी असते. दीड-दोन अंशांपर्यंत चालणारे रंगही मिळतात आणि त्यामुळे हंगाम दोन-तीन आठवडे लांबतो, पण फसगत रात्री होते. सप्टेंबरअखेर दुपारी सतरा अंश असतात, चार वाजता भिंत रंगवून मंडळी घरी जातात, सात वाजता पारा कोसळतो, ओल्या रंगावर दव पडते, आणि सकाळी तेलकट ओघळ दिसतात. भिंतीचे तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला दव पडू लागते त्याच्या) किमान तीन अंश वर असावे, हा नियम पाळणारा रंगारी दुपारी दोनलाच ब्रश धुतो. त्याचे ते रिकामे तास तुमच्याच बिलात येतात. थंड हवामानातले रंगकाम महाग होण्याचे हे एक कारण फारसे कोणी सांगत नाही. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चार महिने काम होते आणि त्यात वर्षाची कमाई करायची असते. चांगल्या मंडळींचे जून-जुलै मार्चमध्येच भरलेले असतात.

आणखी दोन अटी करारात घाला. पहिली, प्रायमर लावण्यापूर्वी लाकडातील ओल टोचायच्या मीटरने मोजावी आणि ती १५ टक्क्यांच्या खाली असल्याशिवाय काम पुढे नेऊ नये. मीटर तीस-चाळीस डॉलरला मिळतो, स्वतःच घ्या. दुसरी, उघडे केलेले लाकूड उन्हात आठवडेच्या आठवडे तसेच ठेवू नये. दोन आठवड्यांत त्याचा पृष्ठभाग इतका खराब होतो की प्रायमरची पकड कमी होते. याशिवाय, शेवटचा हप्ता देताना लीनचा, म्हणजे थकलेल्या पैशांसाठी घरावर दावा लावण्याचा, हक्क सोडल्याचे पत्र घ्यावे, कारण मिनेसोटात मुख्य कंत्राटदाराने हाताखालच्याला किंवा दुकानदाराला पैसे दिले नाहीत, तर तो हाताखालचा किंवा दुकानदार तुमच्या घरावर दावा लावू शकतो.

चौथा_मजला | ३ एप्रिल

एकदम चारही बाजू करण्याची सक्ती नाही, हेही लक्षात घ्यावे. आम्ही दरवर्षी एक बाजू करतो. परांची आणि प्लॅस्टिकचा खर्च दर वेळी नव्याने होतो, त्यामुळे एकूण बेरीज जास्त येते, पण एका वर्षात पंधरा हजार काढणे आणि चार वर्षांत सतरा हजार काढणे यांत आम्हाला दुसरे सोपे गेले. स्वतः रंगवण्याचा विचार असेल तर वर दिलेला २०१० चा नियम स्वतःच्या राहत्या घरात स्वतः काम करणाऱ्या मालकाला लागू होत नाही. शिशाला मात्र नियम ठाऊक नसतो. घरात लहान मूल असताना खरवडण्याचे काम स्वतः करू नये असे माझे मत आहे. वरचे दोन हात खुशाल स्वतः द्यावेत.

पागोळी | २१ सप्टेंबर

उशिरा लिहीत आहे, त्याबद्दल क्षमस्व. या वर्षी उत्तर आणि पूर्व अशा दोनच बाजू केल्या, दक्षिण आणि पश्चिम बाजू पुढे ढकलल्या.

एप्रिलमध्ये पंख्याची नळी छपरातून बाहेर काढली आणि पोटमाळ्याच्या जमिनीतील फटी बुजवल्या. त्याला १,३०० डॉलर लागले. त्यानंतर उत्तरेची भिंत मुद्दाम तशीच सोडली. १ मे रोजी मीटर २२ टक्के दाखवत होता, जूनअखेर १३. रंगाचे काम मधल्या अंदाजपत्रकवाल्याला दिले. दोन बाजूंचे ८,१०० झाले, म्हणजे निम्म्यापेक्षा थोडे अधिक, ते चौथा_मजला यांनी सांगितलेल्या परांची-प्लॅस्टिकच्या कारणाने. खरवडताना न्हाणीघराखालच्या अकरा फळ्या मागून कुजलेल्या निघाल्या. त्यांचे १,१५० वेगळे लागले, आणि त्यांच्याशी वाद घालण्यासारखे काही नव्हते, कारण स्क्रू-ड्रायव्हर त्या लाकडात लोण्यासारखा शिरत होता. नव्या फळ्यांना ठोकण्याआधी मागूनही प्रायमर लावून घेतला. एकूण १०,५५० डॉलर खर्च झाले, त्यांपैकी प्रत्यक्ष रंगाचे डबे ६८० डॉलरचे.

सर्वांत स्वस्त सांगणाऱ्याचे उत्तर अखेरपर्यंत आले नाही. मुलाचा रक्ततपासणीचा निकाल पुन्हा चांगला आला.

एक शेवटचा प्रश्न: दीड गॅलन रंग उरला आहे. पुढच्या वर्षीच्या डागडुजीसाठी तो गॅरेजमध्ये ठेवला तर चालेल का?

वाळवण | २१ सप्टेंबर

गॅरेज गरम नसेल तर ठेवू नका. पाण्यातला रंग एकदा गोठला की फुटलेल्या दह्यासारखा होतो आणि ढवळून पुन्हा एकजीव होत नाही. तळघरात, जमिनीपासून वर, फळीवर ठेवा आणि झाकणावर रंगाचा क्रमांक, बाजू व वर्ष लिहून ठेवा.

जुनाजाणता | २२ सप्टेंबर

झाकणाबरोबर डब्याच्या अंगावरही लिहा. माझे झाकण गंजून गेले आणि आता पश्चिमेकडची पांढरी छटा कोणती होती यावर घरात दोन मते आहेत.